बंकरमध्ये चेंडूला मारायचंच नसतं

गोल्फमध्ये ग्रीनलगतच्या (ग्रीन म्हणजे झेंडा आणि भोक असलेला आखूड गवताचा भाग) बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, उतरलेल्या नवख्या खेळाडूची नजर चेंडूवर खिळलेली असते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. या फटक्यात क्लबने, म्हणजे गोल्फच्या काठीने, चेंडूला शिवायचंच नसतं. क्लब चेंडूच्या मागे वाळूत शिरतो, त्याच्या खालून सरकतो आणि पुढे बाहेर पडतो. चेंडू उडतो तो वाळूच्या पातळ थराबरोबर.

किती मागे मारायचं? खिशातली शंभराची नवी नोट आठवा. तिची लांबी 142 मिमी आणि चेंडूचा व्यास जवळपास 43 मिमी. नोटेच्या बरोबर मध्यावर चेंडू ठेवला तर दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटीमीटर उरतात. नोटेच्या मागच्या कडेला क्लब आत आणि पुढच्या कडेला बाहेर. त्या नोटेखालची वाळू उचलून ग्रीनवर भिरकावायची, चेंडू आपोआप सोबत जातो. खोली मात्र बेताची हवी, एक-दोन सेंटीमीटर. खड्डा खणला तर चेंडू तिथेच राहणार.

खड्डा पडू नये याची सोय क्लबमध्येच असते. सँड वेज (वाळूतून खेळायचा क्लब) उलटा करून बघा: त्याचा तळ सपाट नसतो, पुढच्या धारेपेक्षा मागचा भाग खाली उतरलेला असतो. हाच बाउन्स, बहुतेक सँड वेजमध्ये 10 ते 14 अंश. अमेरिकी गोल्फपटू जीन साराझेनने निब्लिक या जुन्या क्लबच्या तळाला शिसं जोडून अशा वेजचं रूप घडवलं आणि तो वेज घेऊन 1932 ची ब्रिटिश ओपन जिंकली. आधीच्या क्लबची धार वाळूत फावड्यासारखी रुतायची. बाउन्स असलेला तळ होडीसारखा तरतो. बंकरची सगळी तयारी या तळाला काम करू देण्यासाठीच असते.

म्हणून फेस, म्हणजे क्लबचा चेंडूकडचा पृष्ठभाग, उघडायचा. इथे एक बारीक चूक भल्याभल्यांची होते. आधी पकड घेऊन मग मनगटं वळवून फेस उघडला, तर फटक्याच्या वेळी मनगटं मूळ जागी येतात आणि फेस पुन्हा सरळ. आधी क्लब हातात फिरवून फेस उजवीकडे उघडा, मगच पकड घ्या. (हे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी, डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.) फेस उघडला की लॉफ्टही (फेसचा मागे कललेला कोन) वाढतो आणि बाउन्सही. चेंडू किंचित उजवीकडे निघतो, म्हणून पाय आणि खांदे झेंड्याच्या थोडे डावीकडे रोखायचे.

उभं राहताना पाय नेहमीपेक्षा रुंद, गुडघे जास्त वाकलेले, चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत आणि साठ टक्के वजन डाव्या पायावर. हे वजन शेवटपर्यंत तिथेच राहायला हवं. चेंडू वर उचलायच्या नादात मागच्या पायावर गेलात, तर क्लब एक तर फार मागे वाळूत आदळतो किंवा वर येताना चेंडूच्या पोटावर बसतो, आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या बंकरमध्ये. हात चेंडूच्या पुढे दाबू नका, त्याने बाउन्स मरतो आणि धार रुतते. पाय वाळूत घोळवून दोन सेंटीमीटर रुतवलेत, तर ग्रिपवरही तेवढंच खाली धरा, नाहीतर क्लब ठरवल्यापेक्षा खोल जाईल. पाय रुतवताना वाळू किती खोल, किती भुसभुशीत हेही कळतं, तेही नियमात राहून. हाताने किंवा क्लबने चाचपायला मनाई आहे. चेंडूच्या लगेच मागे-पुढे क्लब टेकवला, सरावाच्या स्विंगमध्ये वा बॅकस्विंगमध्ये वाळूला लागला, तरी दोन फटक्यांचा दंड. सुकलेलं पान किंवा काडी मात्र 2019 पासून उचलता येते.

आता सर्वांत मोठा शत्रू: घाबरून स्विंग मध्येच आवरणं. वाळू क्लबचा वेग खाते, त्यामुळे गवतावरून तेवढ्याच अंतरासाठी लागतो त्याच्या दुप्पट-तिप्पट स्विंग इथे लागतो. अंतर फॉलो-थ्रूच्या, म्हणजे फटक्यानंतर पुढे जाणाऱ्या स्विंगच्या, लांबीने ठरवा: जवळच्या झेंड्याला हात कमरेपर्यंत, लांबच्याला खांद्याच्या वर. वाळूत क्लब थांबवून अंतर कमी करायला जाणं म्हणजे दुसरा फटकाही तिथूनच. पंचवीस-तीस मीटर हवे असतील, तर ताकद वाढवण्यापेक्षा त्याच पद्धतीने कमी लॉफ्टचा गॅप वेज किंवा पिचिंग वेज घ्या.

पावसाळ्यात आपल्याकडे हे गणित बदलतं. ओली, दबलेली वाळू कडक होते. जास्त बाउन्सचा उघडा फेस तिच्यावर उसळून चेंडूवर थेट आदळतो. तेव्हा फेस जवळजवळ सरळ ठेवा, कमी बाउन्सचा वेज घ्या, स्विंग आखूड करा. ओल्या वाळूतून चेंडू जास्त लांब पळतो. अर्धा चेंडू रुतलेला असेल तर उलट इलाज: फेस बंद, चेंडू मध्याच्या थोडा मागे, आणि क्लब उभाच खाली. इथे धार रुतायलाच हवी. चेंडू फिरकीशिवाय बाहेर येतो आणि बराच घरंगळतो, ते गृहीत धरा.

सराव चेंडूशिवाय सुरू करा. सरावाच्या बंकरमध्ये क्लबने एक लांब रेघ ओढा, ती दोन पायांच्या मध्ये किंचित डावीकडे घ्या आणि रेघेवर एकापाठोपाठ वीस स्विंग मारत पुढे सरका. प्रत्येक खुणेची सुरुवात रेघेवर आहे का, फक्त हेच पाहा. बहुतेकांच्या खुणा आधी रेघेच्या मागे पसरतात. वजन मागे जातं त्याचा हा पुरावा. सलग दहा खुणा जमल्या की रेघेच्या पाच सेंटीमीटर पुढे चेंडू ठेवा.

समोरची कड उंच असेल आणि चेंडू तिच्या पायथ्याशीच पडला असेल, तर झेंडा विसरून बाजूला किंवा मागे खेळा. तेही शक्य नसेल, तर चेंडू अनप्लेएबल (खेळता न येण्याजोगा) घोषित करून दोन फटक्यांच्या दंडाने, झेंडा आणि चेंडू यांच्या रेषेत मागे, बंकरच्या बाहेर ड्रॉप घेता येतो, म्हणजे चेंडू हातातून खाली टाकून तिथून खेळता येतं. कड चुकवण्याच्या नादात चार फटके घालवण्यापेक्षा हे स्वस्त. आणि जाताना वाळू रेकने सारखी करा, आत शिरताना कडेच्या खालच्या बाजूने शिरा, उंच कड ढासळते.