नवख्याचा प्रश्न आणि जाणत्याचे उत्तर

एखाद्या विषयातील जाणत्यांसमोर नवख्याने प्रश्न मांडला की पहिले उत्तर बहुधा ठरलेले असते: ‘आधी शोधून पाहा, हे अनेकदा सांगून झाले आहे.’ स्वतःचा वेळ विनामोबदला देणाऱ्या माणसाचा हा वैताग मी समजू शकतो. परंतु हा सल्ला मला मुळातच पटत नाही, कारण शोध घेण्यासाठी जे नेमके शब्द लागतात तेच नवख्याकडे नसतात.

एक्सेलमध्ये आकड्यांच्या जागी अचानक ##### अशी चिन्हे दिसू लागली, तर नवखा घाबरून विचारतो, ‘माझे आकडे पुसले गेले, ते परत कसे मिळवू?’ आकडे बहुधा कुठेच गेलेले नसतात. रकाना अरुंद असल्यामुळे ते त्यात मावत नाहीत, आणि रकान्याची कड ओढून तो रुंद केला की सगळे जागच्या जागी दिसू लागते. मात्र हाच माणूस स्वतः शोधायला बसला, तर तो ‘पुसलेली माहिती परत मिळवणे’ असेच काहीतरी शोधणार आणि भलत्याच सॉफ्टवेअरच्या मागे लागणार. ‘आकड्यांच्या जागी आता नेमके काय दिसते?’ एवढा एक उलट प्रश्न कोणी आपुलकीने विचारला, तर त्याचा सगळा त्रास वाचतो.

जाणत्याला हे सुचत नाही, याचे कारण दरवेळी उर्मटपणा असतेच असे नाही. एलिझाबेथ न्यूटन यांनी 1990 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेल्या प्रयोगात काही जणांनी परिचित गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवला आणि समोरच्यांनी गाणे ओळखायचे होते. निम्मी गाणी सहज ओळखली जातील असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात 120 पैकी केवळ 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात संपूर्ण चाल घुमत असते, ऐकणाऱ्याला मात्र नुसती टकटक ऐकू येते. प्रश्न ‘साधा’ आहे असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा ती चाल आपल्याच डोक्यात वाजत असते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

ही अडचण जुनीच आहे. यूजनेट या जुन्या ऑनलाइन चर्चामंचावर तेच तेच प्रश्न येऊ लागल्यावर तिथल्या सदस्यांनी नेहमीच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या तयार केल्या, आणि ते काम खरोखरच मोलाचे होते. पुढे विकिपीडियाने नवख्यांवर तुटून पडू नये असे मार्गदर्शक तत्त्वच लिहून ठेवले. 2018 मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगविषयीच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळानेही, आपल्याकडे नवख्यांना परके वाटते, हे जाहीरपणे मान्य केले.

तयार उत्तराचा दुवा देण्यात गैर काहीच नाही. फक्त त्यातला कोणता परिच्छेद वाचायचा आणि तो विचारणाऱ्याच्या अडचणीला कसा लागू पडतो, हे एका वाक्यात सोबत लिहावे; तेवढी सवड नसेल तर गप्प राहावे, म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी नीट उत्तर देता येईल.