‘इतर’ नावाचा खण

जुन्या हार्ड डिस्कला जी वायर लागते तिचे तोंड चपटे, रुंद आणि मध्येच खाच पडल्यामुळे दोन भागांचे दिसणारे असते, आणि घरातल्या दुसऱ्या कोणत्याही यंत्राला ते बसत नाही. परवा दुपारी ती शोधण्यासाठी टीव्हीखालचा खण ओढला, तर तो नेहमीप्रमाणे अर्ध्यावर अडला. फटीतून बोटे आत घालून वर आलेला अडॅप्टर खाली दाबून धरायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने खण पुढे घ्यायचा, ही युक्ती आमच्या घरात सर्वांना येते. कुणी कुणाला शिकवलेली नाही. खण एकदाचा बाहेर आला. एक वायर धरून उचलली, तर तिच्याबरोबर सगळा ऐवजच उठून आला. तेव्हा शोधण्याचा विचार सोडून मी सतरंजी अंथरली आणि खण तिच्यावर उपडा केला.

आत काय होते हे सांगायला नको, कारण तो खण आपणा सर्वांच्या घरी आहे. नोकियाचा जाड पिनेचा चार्जर होता आणि नंतर आलेला बारीक पिनेचाही होता. टीव्हीला व्हीसीडी प्लेअर जोडणाऱ्या पिवळ्या, तांबड्या आणि पांढऱ्या तोंडांच्या तिळ्या वायरी होत्या. संगणकाच्या पडद्याची निळ्या तोंडाची पंधरा पिनांची जाडजूड केबल होती आणि तिच्या दोन्ही बाजूंचे ते हाताने पिळायचे स्क्रूही शाबूत होते. कीबोर्डासाठी जांभळे आणि माउससाठी हिरवे गोल तोंड असण्याच्या काळातला एक जोडही निघाला. त्या काळी कुठले तोंड कुठे खुपसायचे हे रंगावरून कळत असे, या सोयीची आता कुणाला आठवण नाही. टेलिफोनच्या वायरीच्या टोकाशी असलेली पारदर्शक प्लॅस्टिकची डबी तुटली होती, तरी वायर ठेवली होती. ती का ठेवली होती याचे उत्तर आमच्या यजमानांनी वर्तमानपत्रातून डोके न काढता दिले. “असू दे गं, लागेल कधीतरी.”

माझी अडचण अशी की मी आयुष्यभर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली. समोर पसारा पडला की तो उचलण्याआधी माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की याचे वर्गीकरण कशावरून करायचे. मुलीने फोनवरून सुचवले की चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या असे दोनच ढीग कर. यजमानांचे म्हणणे असे की जी वायर ज्या यंत्राची, ती त्या यंत्रासोबत ठेवावी, आणि ते तत्त्व म्हणून बिनतोड आहे. मात्र निम्मी यंत्रे कधीच घराबाहेर गेली आहेत आणि त्यांच्या वायरी तेवढ्या मागे राहिल्या आहेत. मी तोंडांवरून लावायला घेतले. पाच-सहा ढीग सुरेख झाले. मग उरले ते कशातच बसेना, आणि ते एका पिशवीत भरून तिच्यावर ‘इतर’ अशी चिठ्ठी डकवावी असा मोह झाला. तो मी आवरला. ‘इतर’ किंवा ‘संकीर्ण’ असे लिहिलेली कोणतीही जागा मला सहन होत नाही, हा माझा जुना विक्षिप्तपणा आहे, आणि तो मला नोकरीत जडला.

ग्रंथालयात आम्ही मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाची, प्रत्येक विषयाला एक आकडा देणारी दशांश पद्धत वापरत असू. ती 1876 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा संगणक नव्हता, त्यामुळे पुढे जेव्हा तो आला तेव्हा त्याला बसवायचे कुठे हा प्रश्न पडला आणि त्याला अगदी सुरुवातीच्या, सर्वसामान्य ज्ञानाच्या विभागात 001.64 हा क्रमांक मिळाला. सगळे संगणकशास्त्र त्या एका दशांशात. आमच्याकडे संगणकाचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि बेसिक, कोबोल, फोरट्रान, डॉस यांची पुस्तके येऊ लागली, तेव्हा त्या फळीची जी अवस्था झाली ती या खणासारखीच होती. कोबोलच्या पुस्तकाशेजारी संगणकामुळे नोकऱ्या जातील का असा गंभीर प्रश्न विचारणारे पुस्तक, त्याच्याशेजारी पंच कार्डांची माहितीपुस्तिका, आणि सर्वांच्या कण्यावर शून्य शून्य एकने सुरू होणारा जवळपास एकच आकडा. विद्यार्थी फळीसमोर उभा राहून मान वाकडी करून कणे वाचत असे आणि शेवटी येऊन आम्हालाच विचारत असे.

1985 मध्ये ड्यूईच्या संपादकांनी हा भाग नव्याने आखला आणि 004, 005 व 006 हे तीन मोकळे क्रमांक संगणकाला दिले. 1989 च्या विसाव्या आवृत्तीत ते रुजू झाले. ती आवृत्ती आमच्या टेबलावर पोचायला अर्थातच आणखी काही वर्षे गेली. पोचली तेव्हा मी आणि आमचे शिपाईमामा दुपारच्या वेळी, वाचनकक्ष रिकामा असताना, ओल्या स्पंजाने जुनी लेबले भिजवून, बोथट सुरीने खरवडून काढत बसत असू. डिंक वाळून पिवळा पडलेला असे आणि त्याच्याबरोबर कापडी बांधणीचा रंगही निघत असे. यंत्राविषयीचे 004 मध्ये, आज्ञावली लिहिण्याविषयीचे 005 मध्ये, प्रत्येक संगणकीय भाषेचे 005.133 मध्ये, असे लावताना जी शांतता वाटे तशी मला नंतर क्वचितच वाटली. तरीही एक भांडण मिटले नाही. संगणक कसा बांधतात याचे पुस्तक अभियांत्रिकीत 621.39 ला जाते आणि तो कसा चालतो याचे 004 ला, म्हणजे एकाच यंत्राची दोन पुस्तके इमारतीच्या दोन टोकांना. अशा वेळी शिपाईमामा म्हणत, “बाई, मागणारा पोरगा कोण आहे ते सांगा, मी पुस्तक काढून देतो.” ही कोणत्याही आवृत्तीत न सापडणारी पद्धत होती आणि ती बिनचूक चालत असे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा 006.3 हा क्रमांक त्या वेळी वीतभर जागेत मावे. आता त्या फळीकडे कुणी बघत असेल तर त्याला माझ्या शुभेच्छा.

‘इतर’चा राग मात्र संगणकामुळे आलेला नाही. त्याच पद्धतीत धर्माचा विभाग 200 चा आहे आणि त्यातले 220 पासून 280 पर्यंतचे जवळपास सगळे आकडे ख्रिस्ती धर्माने व्यापले आहेत. बाकीच्या जगाला 290 मिळाला, आणि त्याचे नाव होते ‘इतर धर्म’. त्या इतरांत 294.5 हा हिंदू धर्म. इंग्रजी साहित्याला 820 चे अख्खे दशक, अमेरिकेला 810 चे, आणि मराठीला 891.46. म्हणजे ज्ञानेश्वरीपासून कालच आलेल्या कवितासंग्रहापर्यंत आमची सारी फळी दोन दशांशांच्या मागे. ड्यूईच्या मनात काही वाईट होते असे मी म्हणत नाही. तो अमेरिकेतल्या एका महाविद्यालयाचे ग्रंथालय लावत होता आणि त्याच्या फळ्यांवर जे होते त्याला त्याने जागा दिली. पण रोज सकाळी 891.46 चे लेबल डकवताना, लावणाऱ्याला जे ठाऊक नसते त्याला तो ‘इतर’ म्हणतो, एवढे माझ्या बोटांना कळले होते.

वर्गीकरणाचे माझे पहिले शिक्षण मात्र ग्रंथालयात झालेच नव्हते. आजीला गुडघेदुखीसाठी काढा लागे आणि त्याचे सामान आणायला ती मला पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात नेत असे. दुकान बोळासारखे अरुंद होते आणि दोन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लहान लहान लाकडी खण होते. प्रत्येक खणाला पितळी कडी होती आणि कडीवर पत्र्याची पट्टी. पट्टीवर कधी काळी तेलरंगाने रंगवलेले नाव. मधल्या रांगांवरची नावे हात लागून लागून पुसली गेली होती आणि फक्त वरच्या रांगांवर ‘मायफळ’, ‘काकडशिंगी’, ‘नागरमोथा’ असे वाचता येई. दुकानदार आजोबा गिऱ्हाइकाकडे बघत बोलत असत आणि हात मागे नेऊन, न बघता, हवा तो खण ओढत असत. ज्येष्ठमध, सुंठ, हिरडा, बेहडा. एकदा ते गावाला गेले होते आणि गल्ल्यावर त्यांचा पुतण्या होता. त्याने डिकेमालीसाठी खणामागून खण उघडले, आणि शेवटी आजीनेच वास घेत घेत “तो बघ, तुझ्या कोपरापाशी” असे सांगून डिकेमाली काढून दिली. तिला ते दुकान नाकाने पाठ होते. त्या दुकानात ‘इतर’ असे लिहिलेला खण नव्हता, याची आज मी शपथेवर साक्ष देईन, अर्थात पुसलेल्या पट्ट्यांवर काय लिहिले होते ते सोडून.

यावर उपाय शोधणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारे शियाळी रामामृत रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिक्षणासाठी लंडनला गेले. तिथल्या सेल्फ्रिजेस या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच त्याच पट्ट्या आणि नटबोल्ट वेगवेगळ्या रीतीने जोडून दर वेळी निराळे खेळणे तयार होते, हे पाहून त्यांना सुचले की विषयांसाठी तयार कप्पे कशाला हवेत. विषयाचे भाग सुटे ठेवावेत आणि पुस्तक हाती आले की जोडावेत. 1933 साली त्यांची द्विबिंदू पद्धत प्रसिद्ध झाली. परीक्षेला आम्ही व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल ही त्यांची पाच मूलतत्त्वे घोकली होती. मी सतरंजीवर बसून ती वायरींना लावून पाहिली. या टोकाला कोणते तोंड, त्या टोकाला कोणते, आतून वीज जाते की माहिती, लांबी किती, कोणत्या काळातली. कागदावर प्रत्येक वायरीला असा क्रमांक लागला की डोळ्यांचे पारणे फिटले. पण क्रमांक कितीही पैलूंचा असो, वायर शेवटी एकाच पिशवीत जाते, आणि हा पेच पुस्तकाच्या बाबतीत रंगनाथनांनाही चुकला नव्हता.

त्यातून आता काळ असा आला आहे की तोंडांवरून लावण्याची माझी पद्धतही निकालात निघते आहे. युरोपीय संघाच्या कायद्यानुसार 28 डिसेंबर 2024 पासून तिथे विकले जाणारे नवे फोन, टॅबलेट आणि कॅमेरे एकाच, टाइप-सी तोंडाच्या चार्जरवर चालले पाहिजेत, आणि त्याआधीच 2023 मध्ये आयफोननेही ते तोंड पत्करले. खणातली गर्दी यामुळे कमी होईल असे सगळे म्हणाले आणि ते खरेच आहे. परंतु माझ्या ढिगातल्या चार टाइप-सी वायरी शेजारी ठेवल्या तर एकही दुसरीहून निराळी दिसत नाही. त्यांतली एखादी फक्त फोन भारित करते. एखादी 60 वॉटपर्यंत वीज नेते आणि एखादी 240 पर्यंत. एखादी सेकंदाला 480 मेगाबिट माहिती कशीबशी पोचवते आणि तिची जुळी बहीण 40 गिगाबिट. पूर्वी चुकीची वायर भोकात शिरतच नसे आणि तिथेच विषय संपे. आता कोणतीही वायर कुठेही शिरते, आणि काम का होत नाही याचा उलगडा होत नाही. मी वडिलांच्या सवयीप्रमाणे जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी प्रत्येकीच्या मानेला गुंडाळली आणि बॉलपेनने लिहू लागले. ‘लॅपटॉप’. ‘फक्त फोन’. तिसरीपाशी पेन थांबले.

उरलेल्या, कुणाच्याच नसलेल्या वायरींची पिशवी मी दारावर आलेल्या भंगारवाल्याला दाखवली. त्याने आत हात घालून एक वायर दोन बोटांत चुरली, आतल्या तारेचा अंदाज घेतला, आणि क्षणात निवाडा केला. पडद्याची जाड केबल एका बाजूला, मोबाइलच्या बारीक दुसऱ्या, अडॅप्टर तिसऱ्या. तांबे किती आणि प्लॅस्टिक किती, एवढेच त्याचे वर्गीकरण. त्याला तोंडांशी कर्तव्य नव्हते आणि काळाशीही नव्हते. इतकी नेमकी आणि इतकी जलद मांडणी मी व्यवसायात पाहिली नाही, आणि त्याच्या ढिगांमध्ये ‘इतर’ कुठेच नव्हते.

मी विचारले, “यातलं तांबं काढता कसं? जाळता का?”

“आम्ही नाय जाळत, ताई,” तो म्हणाला. “पुढं जातं.”

पुढे म्हणजे कुठे, हे थोडेफार आपण सगळे वाचून आहोत. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत माणसे हातांनी यंत्रे फोडतात आणि वायरींवरचे आवरण जाळून तांबे मोकळे करतात. ते आवरण पीव्हीसीचे असते, त्याच्या धुरात डायॉक्सिन हे विष असते, आणि तो धूर घेणाऱ्यांत लहान मुलेही असतात. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि त्यांनुसार हा माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवा. दारावरच्या तराजूला ते कोण सांगणार? मी पिशवी परत मागितली. तो काही बोलला नाही, पण पावशेर तांब्यासाठी इतका वेळ घालवणाऱ्या बाईबद्दल त्याचे मत त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते.

पिशवी सध्या जिन्याखाली आहे. संकलन केंद्र नदीपलीकडे आहे आणि ते कोणत्या वारी उघडे असते याची चौकशी यजमान करणार आहेत.