हरेगावच्या वाटेवर: पापनिवेदनाची तयारी

सप्टेंबरात मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला आम्ही श्रीरामपूरहून हरेगावला पायी निघतो, तेव्हा ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो आणि पाऊस झाला असेल तर काळी माती चपला सोडत नाही. चाल फार लांबची नाही. म्हणून पहिला पाऊण तास गाणी नाहीत, जपमाळही नाही, गप्प चालायचं.

या वेळात बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी एकेक घ्यायची आणि मागच्या पापनिवेदनापासून, म्हणजे फादरांपुढे पापं सांगून क्षमा मागायच्या संस्कारापासून, काय घडलं ते आठवायचं. गंभीर पाप असेल तर प्रकार आणि संख्या दोन्ही सांगायची असतात; नेमका आकडा आठवत नसेल तर "आठवड्यातून दोनदा" असा अंदाज चालतो. "फादर, मी फार पापी आहे" हे वाक्य नम्र वाटतं, पण त्याच्याआड माणूस सहज लपतो. "बायकोच्या बचत गटाच्या हप्त्यातले 500 रुपये उचलले, तीनदा, तिनं विचारलं तेव्हा पोराचं नाव घेतलं." हे पापनिवेदन. आणि क्षमा मिळाली तरी ते पैसे परत करायचेच, पोरावरचा आळही काढायचा.

दुसरी चूक 'म्हणून'ची. "सासूनं छळलं म्हणून मी..." इथं सासूचंच पाप सांगून होतं.

आपल्यावर झालेला अत्याचार मात्र आपलं पाप नव्हे. मार खाणाऱ्या कितीतरी बायका त्याचीच क्षमा मागतात, याचं फार वाईट वाटतं. हे दुःख बोलायलाच हवं, पण यात्रेच्या दिवशी रांग मोठी असते. फादरांकडून वेगळी वेळ मागून घ्यावी. पापनिवेदनात ऐकलेलं फादरांना कुणालाही सांगता येत नाही. सोबतच्या घोळक्यावर तसं बंधन नसतं, त्यामुळे रस्त्यात सगळ्यांपुढे मन मोकळं करू नये. भरवशाचा एकच माणूस पुरे.

दारूचं वेगळं. रोज भरपूर पिणाऱ्यानं माउलीपुढे शपथ घेऊन एकदम सोडली तर फिट येऊ शकते, जिवावरही बेततं. आधी डॉक्टरकडे न्यावं. शपथ मोडली की पुष्कळ जण लाजेनं यात्राच सोडतात. खरं तर पुन्हा पडलो हे सांगायलाही हाच संस्कार आहे. अशांच्या घरी यात्रेआधीच्या नोव्हेना प्रार्थनेच्या दिवसांतच जाऊन यावं. निघायच्या सकाळी फोन केला तर ते कामावर असल्याचं सांगतात.