पावडर कोणती देऊ, बाई?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर निवृत्त माणसाने फार बोलू नये, असं आमच्या धाकट्या सूनबाईंचं मत आहे आणि ते मी बरंचसं पाळते. पण एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, एकदा तर तेराव्याच्या जेवणाला, कुणीतरी कडेवरचं पोर माझ्यापुढे धरतंच. "बाई, दिसभर खातंय, पर अंगाला लागंना. उंची बी वाढंना. पावडर कोणती देऊ?"

माण तालुक्यात मी ३१ वर्षं अंगणवाडी चालवली. सुरुवातीला लोक विचारायचे, "टॉनिक कोणतं देऊ?" पुढे बाटली गेली, डबा आला. प्रश्न तोच राहिला.

तर पावडरीचं आधी उरकते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं, की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका, कारण अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्यात त्या नावाची वस्तूच नाही. तुमच्या घरचा डबा उलटा करा आणि घटकांची यादी वाचा. जे जास्त असतं ते आधी लिहावं लागतं. साखर कितवी आहे ते बघा. पोराच्या अंगाला त्यातलं जे लागतं ते बहुतेक कपातलं दूधच, आणि ते पावडरीशिवायही कपात येतं. डब्यावरचं पोर उंच दिसतं, कारण काढणाऱ्याने ते उंच काढलंय.

आता खरं उत्तर. त्यासाठी एक घर सांगते.

वस्तीवरचं घर. २२ महिन्यांचा मुलगा, गाल गुबरे, हसरा. बारीक म्हणून कुणी बोट दाखवलं नसतं. वजन साडेनऊ किलो. आडवं झोपवून लांबी मोजली तर ७९ सेंटिमीटर. या वयाच्या मुलाची साधारण ८६ असायला हवी, आणि ८० च्या खाली गेलं की आमच्या भाषेत ते बालक 'खुजं'. आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "खुजं कशानं? दिसभर तोंड चालू अस्तंय त्याचं."

मी म्हटलं, "आक्का, एक स्टीलची वाटी आणा. सकाळपासून त्याच्या पोटात काय काय गेलं ते सांगा, आपण वाटीनं मोजू."

सहाला उठल्यावर बशीभर चहा, त्यात बुडवून तीन बिस्किटं. नऊच्या सुमारास चुलत्याबरोबर दुकानात गेलं, पाच रुपयांचं पिवळ्या काड्यांचं पाकीट. अकराला आईने जेवायला बसवलं तर दोन घास खाऊन तोंड फिरवलं. मग पुन्हा चहा, कारण "त्याच्याबिगर गप बसत न्हाई". दुपारी वरण-भात. ते वरण मला दाखवा म्हटलं. आईने पातेल्यातलं वरचं वरचं पाणी पळीने अलगद वाटीत घेतलं. डाळ हलूही दिली नाही. "डाळ जड पडती, पाण्यात सगळी ताकद उतरती की."

मी वाटी उजेडाला धरली. वाटीचा तळ दिसत होता.

लहान मुलाच्या पोटात एका वेळी किती मावतं याचा ढोबळ हिशोब आहे: किलोमागे ३० मिली. म्हणजे या पोराच्या पोटात सुमारे २८५ मिली, आपल्या घरातल्या दोन लहान वाट्या. बस. मोठ्या माणसाने सकाळी चहा-बिस्कीट खाल्लं तरी दुपारी दोन भाकरी जातात. याच्या पोटात चहा गेला की जागा भरली. ते पोर उपाशी नव्हतंच. आजी खोटं बोलत नव्हत्या. दिवसभर खात होतं, फक्त ज्याने हाड आणि मांस वाढतं त्याचा नंबर येईपर्यंत पोटावर 'जागा नाही'ची पाटी लागलेली असायची.

आणि चहा नुसता जागा अडवत नाही. जेवणाच्या अंगासंगाने प्यायला तर बाजरीतलं, पालेभाजीतलं लोह रक्तात नीट जाऊ देत नाही. आमच्याकडे भाकरी-कालवण झालं की लगेच घोटभर चहा, ही तर पाहुणचाराची रीत. बाजरीत लोह भरपूर, म्हणून माणदेशात रक्त कमी कुणाचं नसावं असं वाटेल. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांत दोघांचं रक्त कमी होतं, आणि तिनात एक खुजं. सगळं चहाने झालं असं मी म्हणत नाही. जंत आहेत, आईचंच रक्त कमी असतं, जुलाब आहेत. दर महिन्याला पोट बिघडणाऱ्या पोराचं बरंचसं खाणं त्या आजाराची भरपाई करण्यातच जातं, तेव्हा 'अंगाला लागंना' याचं उत्तर कधी कधी ताटात नसतं, पाण्याच्या हंड्यात असतं. पण ताटातलं जेवढं आपल्या हातात आहे तेवढं तरी बघूया.

मी त्या दिवशी नवीन काहीच आणायला सांगितलं नाही. तेच पातेलं, डाळ तळापासून ढवळली, भात त्यात कुस्करला, वरून चमचाभर शेंगदाण्याचं तेल. तेलाचा एक लहान चमचा म्हणजे ४० कॅलरी, आणि जागा जवळजवळ शून्य. शेंगदाण्याचं कूट घरात होतंच, फक्त ते मोठ्यांच्या भाजीत जायचं. कोंबड्या अंगणात होत्या, अंडी बाजारात जायची. आठवड्यात तीन अंडी घरात ठेवा म्हटल्यावर आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या दागिन्यांविषयी बोलले.

पेजेची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्याच बायकांची अक्कल आहे आणि आपणच विसरलो. पिठाची पेज घट्ट केली तर पोर गिळत नाही, पातळ केली तर नुसतं पाणी. यावर जुना उपाय म्हणजे सत्त्व: नाचणी किंवा ज्वारी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, हलकी भाजून दळायची. मोड येताना धान्यात एक पाचक द्रव्य तयार होतं, ते पिठातला स्टार्च तोडतं. म्हणून सत्त्वाची पेज त्याच वाटीत दुप्पट पीठ घातलं तरी सरसरीत राहते. आणखी एक युक्ती आहे. थोडं मोडाचं पीठ न भाजता वेगळं ठेवायचं. साध्या पिठाची घट्ट पेज शिजली, थोडी निवली, की त्यातलं अर्धा चमचा घालून ढवळायचं. पेज डोळ्यांदेखत सैल पडते. मग पुन्हा चुलीवर ठेवून एक चटका द्यायचा आणि भरवायची. अंगणवाडीत मी बायांना हे करून दाखवायचे तेव्हा त्या जादू बघितल्यासारख्या पुढे सरकायच्या. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. पण आमच्याकडे नाचणी पिकत नाही, सातारच्या बाजारातून आणावी लागते, म्हणून मी हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ यांवरच जोर दिला. जे परसात नाही ते सांगितलं की बाया ऐकून घेतात आणि करत नाहीत.

आता ते दुसरं वाक्य, जे प्रत्येक घरात ऐकते: "आमच्यात हाडच बारीक. बाप कुठं उंच हाय?" अगदी खोटं नाही, आईबापाची उंची मुलात उतरतेच. पण जागतिक आरोग्य संघटनेने वाढीचे तक्ते २००६ मध्ये काढले, त्यासाठी ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपली दक्षिण दिल्ली इथली नीट खाऊनपिऊन असलेली, अंगावर पिणारी मुलं मोजली होती. पहिल्या पाच वर्षांत ती सगळी जवळपास सारखीच वाढली. नॉर्वेतलं गोरं पोर आणि दिल्लीतलं पोर. म्हणजे हाड बारीक की जाड याचा निकाल बराच उशिरा लागतो, त्याआधीची वाढ ताटावर आणि आजारपणावर ठरते. पहिल्या वर्षात मूल साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्यात १२, मग वर्षाला सहा-सात. डबा विकत आणायची आठवण होते ती पोर चौथीत मागच्या बाकावरून पुढे बसवलं जातं तेव्हा. मोठी धाव तोवर होऊन गेलेली असते.

आणि ती धाव आईच्या पोटातच सुरू होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचं खाणंपिणं आणि त्यांची बाळं यांचा पाठपुरावा केला. बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आत. इंग्लंडमधल्या बाळांच्या मानाने हाडामासाने बारीक, पण चरबी त्या मानाने राखून. अशा बाळांना पुढे मधुमेहाचा धोका, असं त्यांचं म्हणणं. मला त्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळी: ज्या बाया पालेभाज्या, फळं, दूध वरचेवर खात होत्या त्यांची बाळं अंगाने मोठी होती. आता आमच्या वस्तीवर मेथी-चाकवताची भाजी आधी कुणाच्या ताटात पडते? गडी माणसं जेवतात, पोरं जेवतात, मग सासू. सून बसते तेव्हा पातेल्यात रस्सा असतो. मी मीटिंगमध्ये याच्यावर बोलले की बाया खाली बघायच्या. पुरुष मीटिंगला नसायचेच.

मला हे सगळं आधीपासून कळत होतं असं समजू नका. माझा थोरला मुलगा लहान होता तेव्हा मी आठाला घर सोडायची. गावच्या पोरांना उसळ वाढायची, आणि माझं पोर घरी सासूबाईंच्या मांडीवर चहात टोस्ट बुडवून खायचं. मला माहीत होतं. शांत बसतंय ना, एवढंच बघायची. नवव्या वर्षी ते जिना चढताना धापा टाकायला लागलं तेव्हा रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही अंगणवाडीत ना?" त्यांनी सहजच विचारलं असेल. त्यानंतर कितीतरी दिवस मी गृहभेटीला गेले की आधी आजीच्या शेजारी बसायचे, आईच्या नाही.

त्या वस्तीवरच्या आक्कांकडेही तशीच बसले. आठ महिन्यांत पाच-सहा वेळा गेले असेन. कधी अंडं उकडलेलं असायचं, कधी "कोंबडी खुडूक हाय" म्हणून नसायचं. पाच रुपयांचं पाकीट बंद झालं नाही, पण ते दुपारच्या जेवणानंतर मिळायला लागलं, आणि तेवढ्याने जेवणाचा नंबर आधी आला. वरणाची पळी मात्र सुनेने पहिल्याच आठवड्यात बदलली. तळापासून ढवळायची, आवाज यायचा.

अडीच वर्षांचा झाला तेव्हा त्याला दाराच्या चौकटीला उभा करून मापला. ८५ सेंटिमीटर भरला, कदाचित थोडा जास्तच. पट्टी मी दोनदा लावली. आक्का तोवर चुलीपुढे होत्या, हातात बशी, तिच्यात अर्धाच चहा. पोर त्यांच्याकडे पळालं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी वहीत आकडा लिहीत राहिले.