आज शून्य सावली!

आज १३ मे. दुपारी साडेबाराला पुण्यात सूर्य बरोब्बर डोक्यावर आला आणि गच्चीत उभ्या केलेल्या मीटरभर पाइपची सावली आक्रसत आक्रसत त्याच्या बुडाशी गुडूप झाली. पाय पोळत होते, पण हलवेना!

त्याआधी वीसेक मिनिटं नागपूरच्या मावसभावाने तशीच काठी उभी केली होती. तिकडे सर्वांत आखूड सावली भरली सुमारे साडेचार सेंटीमीटर, उत्तरेकडे. म्हणजे तिकडे सूर्य डोक्यावरून जेमतेम २.६ अंश कललेला. पुणे-नागपूरचं सरळ दक्षिणोत्तर अंतर साधारण २९० किलोमीटर. मांडलं त्रैराशिक: २.६ अंशांना २९० किलोमीटर, तर पूर्ण वर्तुळाच्या ३६० अंशांना किती? आणि पृथ्वीचा परीघ आला चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास! बावीसशे वर्षांपूर्वी ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसने इजिप्तमध्ये हेच केलं, हे दहावीत पाठ केलं होतं. मार्कही मिळाले होते. पण आज वहीत तो आकडा उमटला तेव्हा अंगावर काटा आला. मला तरी विज्ञान म्हणजे हेच वाटतं. कुणी सांगितलं म्हणून नाही, स्वतः मोजलं म्हणून पटलं.

मुंबईकरांनो, तुमची पाळी १५ मेला. नागपूरची २६ च्या सुमारास. ढग नसतील तर गच्ची गाठाच, आणि लहान भावंडांना सोबत न्या.