कुरणातले तण आणि बांधापलीकडची कपाशी

कळमेश्वर तालुक्यात आमच्या घराण्याची थोडी बरड जमीन आहे. पेरणीसाठी ती कधीच उपयोगी पडली नाही, त्यामुळे वडिलांच्या काळापासून ती गवळाऊ गायींच्या चराईसाठी राखलेली आहे. मी राहतो नागपुरात, पण सुट्टीचा दिवस बहुधा तिकडेच जातो. पावसाळा सुरू झाला की ओळखीचे पशुपालक एकच प्रश्न विचारतात: कुरणात तरोटा (टाकळा) आणि गाजर गवत माजले आहे, तणनाशक मारले तर चालेल का? या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘चालते’ असे आहे. मात्र आपल्या भागात कोणते औषध वापरायचे यापेक्षा बांधाच्या पलीकडे काय पेरले आहे, हे आधी विचारावे लागते, असे माझे ठाम मत झाले आहे.

आधी तणांविषयी. आमच्याकडच्या चराऊ रानात पवना, मारवेल, कुसळी आणि हरळी ही मुख्य गवते आहेत. त्यांच्यात शिरणारी रुंद पानांची तणे म्हणजे तरोटा, गाजर गवत, रानतुळस, गोखरू, आघाडा, ओलसर जागी बेशरम आणि कडेकडेने रायमुनियाची (घाणेरीची) झुडपे. गावचा गायकी, म्हणजे गुरे राखणारा, एकदा म्हणाला होता, “ढोरं जे खात नाही तेच वाढते, भाऊ.” तणशास्त्राच्या व्याख्यानातही याहून वेगळे काही सांगितले जात नाही. जनावर गवत निवडून खाते आणि तण तसेच सोडते. गवत पुन्हा फुटण्याआधीच पुन्हा खाल्ले गेले की त्याची मुळे दुबळी होतात, जमीन उघडी पडते, आणि उघड्या जमिनीवर सर्वांत आधी उगवते ते तणच. गाजर गवताच्या एका मोठ्या झाडाला दहा हजारांहून अधिक बिया येऊ शकतात आणि ओल मिळाली की ते वर्षात कधीही उगवते. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण देशभर पसरले, त्यामागे ही चिकाटी आहे. त्याने माणसाला त्वचेचा त्रास होतो, आणि नाइलाजाने ते खाणाऱ्या गायीचे दूध कडवट होते.

रुंद पानांच्या तणांसाठी जे औषध सर्वाधिक वापरले जाते ते म्हणजे २,४-डी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याचा शोध लागला आणि १९४५ नंतर ते बाजारात आले. वनस्पतीच्या वाढीचे नियमन करणाऱ्या ऑक्सिन या नैसर्गिक संप्रेरकाची ते नक्कल करते. रुंद पानांच्या झाडात ते शिरले की पेशींची वाढ बेताल होते, शेंडा पिळवटतो, खोड वाकडे होते, अन्नपाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद पडतात आणि दोनतीन आठवड्यांत झाड वाळते. गवतवर्गीय वनस्पती हे रसायन आपल्या शरीरात लवकर निष्प्रभ करतात आणि त्यांच्या नलिकांची रचनाही वेगळी असते. त्यामुळे मुळे धरलेल्या गवताला फारशी इजा होत नाही. नुकतेच उगवलेले, फुटवे न फुटलेले कोवळे गवत मात्र याला अपवाद आहे, म्हणून नव्याने पेरलेल्या कुरणात हे औषध मारू नये.

इथवर सगळे सोयीचे वाटते. परदेशातील पशुपालकांसाठी लिहिलेले सल्ले इथेच थांबले तरी फारसे बिघडत नाही, कारण तिकडे कुरणाच्या शेजारी बहुधा दुसरे कुरण किंवा गहू-मक्याचे शेत असते. नागपूर जिल्ह्यात कुरणाच्या शेजारी कपाशी असते, तूर असते, सोयाबीन असते, आणि काटोल-कळमेश्वरकडे संत्र्याच्या बागा असतात. ही सारी रुंद पानांची पिके आहेत, आणि २,४-डीला तरोटा आणि तूर यांत फरक करता येत नाही. त्यातही कपाशी या रसायनाला इतकी संवेदनशील आहे की शिफारशीच्या मात्रेचा अगदी अल्प अंश उडून आला तरी तिची नवी पाने अरुंद, लांबट, भेंडीच्या पानांसारखी फाटलेली येतात, शिरा एकमेकींना समांतर ओढल्या जातात आणि पात्या-फुले गळतात. लक्षणे काही दिवसांनी, तीही नव्या पालवीवर दिसत असल्यामुळे शेतकरी त्याला विषाणूचा रोग समजून भलतीच फवारणी करत राहतो. अमेरिकेत २,४-डी सहन करणारे कपाशीचे वाण आहेत; आपल्याकडची बीटी कपाशी बोंडअळीसाठी आहे, तिला या औषधापासून कोणतेही संरक्षण नाही.

संत्र्याची गोष्ट आणखी बारकाईची आहे. नागपुरात कपाशी आणि लिंबूवर्गीय फळे या दोन्हींच्या केंद्रीय संशोधन संस्था आहेत, आणि संत्र्याची फळगळ थांबवण्यासाठी हेच २,४-डी सुमारे १५ पीपीएम, म्हणजे १०० लिटर पाण्यात दीड ग्रॅम इतक्या सूक्ष्म प्रमाणात फवारण्याची शिफारस येथील बागायतदारांना चांगली परिचित आहे. जे रसायन दीड ग्रॅमला फळ झाडावर टिकवते तेच तणनाशकाच्या मात्रेत कोवळी पालवी मुरडून टाकते. कृषी केंद्रातून एकच डबा आणून तो दोन्ही कामांना वापरण्याचा मोह काही जणांना होतो, आणि तो मला अत्यंत धोकादायक वाटतो.

औषध दोन प्रकारे उडते. एक म्हणजे फवारणीचे बारीक थेंब वाऱ्याबरोबर जातात. दुसरा प्रकार कमी लक्षात येतो: फवारणी होऊन गेल्यावरही औषधाची वाफ होऊन ती शेजारी पोहोचते. २,४-डीचे एस्टर रूप, जे बाजारात इथाइल एस्टर म्हणून मिळते, ते उष्णतेत सहज वाफारते. अमाइन आणि सोडियम क्षार त्या मानाने बरेच स्थिर असतात. विदर्भाच्या तापमानात कुरणासाठी एस्टर वापरण्याचे मला एकही सयुक्तिक कारण दिसत नाही, मग ते कितीही लवकर ‘रिझल्ट’ देत असो. आणि वारा पूर्ण पडलेला असणे हीदेखील सुरक्षिततेची खूण नाही. संध्याकाळी जमिनीलगत थंड हवेचा थर साचतो, त्यात बारीक थेंब तरंगत राहतात आणि रात्रभरात कुठेही जाऊन बसतात. दव सुकल्यावरची सकाळ आणि शेजारच्या पिकाकडून आपल्याकडे येणारी हलकी झुळूक ही त्यातल्या त्यात योग्य वेळ होय.

अडचण अशी की तण कोवळे असते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि कपाशीही त्याच वेळी वाढीला लागलेली असते. तणे फुलोऱ्यावर आल्यावर औषधाचा परिणाम घटतो, त्यामुळे दिवाळीपर्यंत थांबणेही निरर्थक ठरते. म्हणूनच आम्ही बांधालगतचा रुंद पट्टा फवारणीतून कायमचा वगळला आहे. तिथले तरोटा आणि गाजर गवत फुलण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटले जाते. मजुरी लागते, हे खरे. पण शेजाऱ्याच्या एक एकर कपाशीची भरपाई त्या मजुरीपेक्षा फार महाग पडेल, आणि पैसे देऊनही शेजार पूर्ववत होत नाही तो वेगळाच.

कुरणाच्या आतल्या भागात, जिथे तणांचे दाट पुंजके आहेत तेवढ्याच जागी, अमाइन क्षार ५८ टक्के वापरता येतो. कोवळ्या हंगामी तणांसाठी हेक्टरी साधारण एक किलो क्रियाशील घटक (डब्यातले प्रत्यक्ष तण मारणारे रसायन), म्हणजे एकरी सुमारे ७०० मिलिलिटर औषध, हा हिशेब धरला जातो. तरी हातातल्या डब्यावरील लेबल हीच अंतिम आज्ञा मानावी, आणि लेबलवर त्या जागेचा वा तणाचा उल्लेख नसेल तर ते औषध तिथे मारू नये. मात्रेपेक्षा जास्त चुका पाण्याच्या हिशेबात होतात. ‘पंपाला एक झाकण’ ही पद्धत सोडून द्यावी. पाठीवरच्या पंपात साधे पाणी भरून, नेहमीच्या चालीने एक गुंठा, म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेवढीच रुंद जागा फवारावी आणि किती पाणी लागले ते मोजावे. त्याला चाळीसने गुणले की एकराचे पाणी कळते. गुंठ्याला पाच लिटर लागले तर एकराला २०० लिटर, आणि मग १५ लिटरच्या पंपात साधारण ५२ मिलिलिटर औषध येते. प्रत्येक माणसाची चाल वेगळी असते, त्यामुळे फवारणारा बदलला की हा प्रयोग पुन्हा करावा लागतो. नोझल सपाट फवारा देणारे असावे आणि दाब कमी ठेवावा, म्हणजे थेंब मोठे पडतात. बोअरचे पाणी फार जड असेल तर त्यातले कॅल्शियम अमाइन क्षाराला निकामी करते, म्हणून शक्यतो साठवलेले पावसाचे पाणी घ्यावे.

कुरणात स्टायलो किंवा दुसरे द्विदल चारापीक मिसळलेले असेल तर २,४-डीचा विचारच सोडावा. दुभत्या गायींसाठी द्विदल हवे म्हणून आपणच पेरायचे आणि तणाबरोबर आपणच मारायचे, याला काही अर्थ नाही. काही जण पर्याय म्हणून मेटसल्फ्युरॉन मिथाइल सुचवतात. हेक्टरी काही ग्रॅममध्ये काम करणारे हे औषध आकर्षक आहे, पण या गटातील औषधे विम्लधर्मी (अल्कधर्मी) जमिनीत सावकाश विघटित होतात आणि आपली काळी माती बहुतांशी तशीच आहे. पुढे तिथे तूर-हरभरा घ्यायचा असेल तर जपून राहावे. ग्लायफोसेट तर गवतही मारते, त्यामुळे चराऊ रानात त्याचे काम नाही.

आता जनावरांविषयी, कारण कुरण शेवटी त्यांच्यासाठी आहे. फवारणी झाली की ढोरे लगेच सोडू नयेत. अमेरिकेतील २,४-डीच्या अनेक लेबलांवर दुभत्या जनावरांना सात दिवस चराईबंदी सांगितलेली असते. मी तण पूर्ण वाळेपर्यंत थांबावे असे म्हणेन, कारण औषधाने कोमेजत असलेल्या तणातील साखरेचे आणि नायट्रेटचे प्रमाण बदलते आणि एरवी ज्या विषारी झाडाला जनावर तोंड लावत नाही, ते त्या काळात चवीने खाल्ले जाण्याचा धोका असतो. रायमुनियाची पाने यकृताला घातक असतात आणि बेशरम शेळ्यांना विषबाधा करते, हे पशुपालकाला सांगायला नको. माणसांचेही भान ठेवावे. पावसाळ्याच्या सुरुवातीला गावातल्या बाया कोवळ्या तरोट्याची आणि कुर्डूची भाजी खुडायला अशाच रानात येतात. फवारणीपूर्वी गावात सांगणे आणि त्या जागेभोवती काट्या रोवून खूण करणे आवश्यक आहे.

परदेशी सल्ल्यांत अमिनोपायरालिड आणि पिक्लोरॅम या तणनाशकांची नावे वारंवार येतात. ही औषधे गवतात टिकतात, जनावराच्या पोटातून शेणात उतरतात आणि तेच शेणखत टोमॅटो-शेंगभाज्यांना घातले तर त्या पिकांची पाने मुरडतात. याच कारणाने ब्रिटनमध्ये २००८ साली अमिनोपायरालिडच्या विक्रीला काही काळ स्थगिती द्यावी लागली होती. आपल्याकडे तर शेणखत हाच पशुपालनाचा अर्धा नफा आहे, तेव्हा असे सल्ले वाचताना हा मुद्दा नजरेआड होऊ देऊ नये.

जमीन कोणाची, हेही पाहावे. गायरान सामाईक असते आणि विदर्भातील झुडपी जंगलाला २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वनाचा दर्जा मान्य केला आहे; आपली गुरे तिथे चरतात एवढ्यावरून तिथे औषध मारण्याचा अधिकार मिळत नाही.

औषधाने तण मेले तरी मोकळी झालेली जागा तशीच राहिली, तर पुढच्या सरीबरोबर गाजर गवताची नवी पिढी तिथे हजर होते. त्या जागी मारवेल किंवा पवन्याचे बी अथवा ठोंब लावून तो भाग हंगामभर चराईपासून बंद ठेवणे, हे काम फवारणीपेक्षा अधिक मोलाचे आहे. आम्ही कुरणाचे भाग पाडून आळीपाळीने चराई सुरू केल्यापासून तरोट्याचे पुंजके आक्रसले आहेत, आणि त्याचे श्रेय मी औषधाला देत नाही. गाजर गवतावर मेक्सिकन भुंगे दिसले, तर तिथे तर मी पंप नेऊच देत नाही. १९८४ मध्ये बंगळुरूला प्रथम सोडलेला हा भुंगा पावसाळ्यात पानांचा फडशा पाडतो, आणि त्याचे अन्न आपणच वाळवले तर तो टिकणार कसा?

फवारणाऱ्याच्या अंगावर पूर्ण कपडे, हातमोजे, बूट, चष्मा आणि तोंडावर मास्क हवाच. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन माणसे दगावली, त्यानंतर याविषयी वेगळे सांगण्याची गरज उरू नये. तरीही भर उन्हात उघड्या अंगाने फवारणारे दिसतातच.

तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा. २,४-डी नळीच्या रबरात आणि टाकीच्या सांध्यांत मुरते, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवूनही त्याचा अंश राहू शकतो, आणि तोच पंप दुसऱ्या दिवशी कीटकनाशकासाठी कपाशीत नेला तर बांधावर पाळलेली सारी खबरदारी वाया जाते. आमच्या पंपावर लाल रंगाने ‘फक्त तणनाशक’ असे लिहिले आहे, आणि शेजाऱ्याने कितीही आपुलकीने मागितला तरी तो दिला जात नाही.