नाव नसलेल्या वाकिझाशीची कागदपत्रे

तोक्योत नोकरीनिमित्त राहणाऱ्या भारतीयाला तिथे जुनी जपानी तलवार विकत घेता येते आणि त्यासाठी स्वतःच्या नावाचा परवाना काढावा लागत नाही, हे पुण्यातल्या नातेवाइकांना पटवताना मला प्रत्यक्ष खरेदीपेक्षा जास्त त्रास झाला. जपानमध्ये नोंद मालकाची नव्हे, पात्याची होते. १९५१ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेत पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या आणि कलामूल्य असलेल्या पात्याला ‘तोरोकुशो’ नावाचा नोंदणीचा कागद मिळतो. हे काम आता त्या त्या प्रांताचे शिक्षण मंडळ पाहते, आणि पाते जिथे जाईल तिथे तो कागद सोबत जातो. दुसऱ्या महायुद्धातल्या, कारखान्यात यंत्रावर काढलेल्या लष्करी तलवारींना ही नोंद मिळत नाही, त्यामुळे त्या तिथे बाळगता येत नाहीत.

नवख्या ग्राहकाचा सर्वांत मोठा गैरसमज याच कागदाबद्दल असतो. तोरोकुशोवर पात्याची लांबी, बाक, मुठीच्या खिळ्यासाठी पाडलेल्या भोकांची संख्या आणि पात्यावर कोरलेले तलवारकाराचे नाव एवढेच असते. ते नाव खरे की खोटे, हे ठरवणे त्या नोंदीचे काम नाही. मी पाहिलेल्या दोन वाकिझाशींपैकी, म्हणजे आखूड तलवारींपैकी, एकीच्या तोरोकुशोवर ‘कोतेत्सु’ असे नाव होते. नागासोने कोतेत्सु हा सतराव्या शतकातला एदोचा, म्हणजे आजच्या तोक्योचा, तलवारकार, आधी चिलखते घडवणारा. त्याच्या नावाच्या इतक्या नकला झाल्या आहेत की ते नाव दिसले की जाणकार आधी संशयच घेतात. दुसऱ्या वाकिझाशीवर नावच नव्हते. मी दुसरी घेतली. ज्या पात्यावर दावाच नाही, ते निदान खोटे तरी बोलत नाही.

अर्थात हे धाडस अभ्यासाशिवाय केले नव्हते. मी एका अभ्यासमंडळात जात असे. तिथे पात्याचा मुठीत जाणारा भाग, म्हणजे नाकागो, झाकून ठेवलेला असतो. सदस्यांनी उरलेले पाते पाहून तलवारकाराचे नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचे. नेमके नाव आले तर ‘आतारी’, त्याच्या अगदी जवळच्या कारागिराचे आले तर ‘दोझेन’, पूर्ण चुकले तर ‘इया’. मधल्या पायऱ्याही आहेत, उदाहरणार्थ नाव चुकले पण प्रांत बरोबर आला. परीक्षेची ही रीत मला फार न्याय्य वाटते, कारण सही वाचून पोलादाबद्दल मत बनवण्याची सवय ती मोडून काढते. आधी एकंदर आकार, मग धार कठीण करण्यासाठी पाणी दिल्याने उमटलेली हामोन ही रेषा, मग घड्या घालून ठोकलेल्या पोलादाची वीण, आणि सगळ्यांत शेवटी नाकागो, असा तो क्रम आहे.

दुकानात मी हाच क्रम पाळला. पाते एका बल्बच्या उजेडात तिरके धरले की हामोन उलगडते. ट्यूबलाइटखाली ती जवळजवळ दिसतच नाही. या पात्याच्या हामोनमध्ये टोकदार शिखरे होती, टोकाजवळ तिचे वळण जिझो या देवतेच्या मूर्तीच्या कडेसारखे होते, आणि पात्याच्या वरच्या पट्ट्यात वीण सरळ रेषेत वाहत होती. ही तिन्ही लक्षणे मिनो प्रांताकडे, म्हणजे आजच्या गिफुमधल्या सेकीकडे, बोट दाखवतात. नाकागोवरच्या कानशीच्या खुणा ससाण्याच्या पिसासारख्या दुतर्फा तिरक्या होत्या, तीही सेकीचीच रीत. यानंतर मी धारेवर बोटभर बोटभर पुढे जात ‘हागिरे’, म्हणजे धारेला आडवी गेलेली बारीक चीर, शोधली. ती असती तर किंमत कितीही उतरली असती तरी मी ते पाते घेतले नसते. ती नव्हती. शेवटी लांबी मोजली. ती एक शाकु, सात सुन, दोन बु, म्हणजे सुमारे ५२ सेंटिमीटर भरली आणि तोरोकुशोशी जुळली. लांबी किंवा भोके जुळत नसतील, तर तो कागद दुसऱ्याच पात्याचा असू शकतो.

मालकी बदलल्याची सूचना वीस दिवसांच्या आत द्यावी लागते, आणि ती आपण राहतो तिथल्या नव्हे, तर ज्या प्रांताने तोरोकुशो दिला तिथल्या शिक्षण मंडळाला. माझा कागद आइचीचा होता, म्हणून तोक्योत राहूनही अर्ज टपालाने आइचीला गेला. याबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही घडले नाही.

खरा प्रश्न होता तो पात्याच्या ओळखीचा. त्यासाठी मी ते निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई या तलवारी जतन करणाऱ्या, १९४८ साली स्थापन झालेल्या संस्थेकडे दिले. तिचे तलवार संग्रहालय २०१८ पासून तोक्योतल्या र्‍योगोकुला आहे. पाते ठेवून यायचे. परीक्षक मालकाच्या अनुपस्थितीत निर्णय घेतात, आणि निकाल येईपर्यंत वाट पाहण्याखेरीज हाती काही नसते. नाव खोटे ठरले तर प्रमाणपत्र मिळत नाही. नाव नसेल, पण काळ, प्रांत आणि परंपरा सांगता येत असेल, तर ‘होझोन’ हा पहिल्या पायरीचा दर्जा मिळू शकतो. दुकानदाराने विकताना ‘बहुधा कानेमोतो’, म्हणजे टोकदार हामोनसाठी ओळखला जाणारा मिनोचा नामवंत तलवारकार, असे सुचवले होते. प्रमाणपत्रावर आले: नाव नाही, सुए-सेकी. म्हणजे मुरोमाची काळाच्या अखेरीस, साधारण सोळाव्या शतकात, सेकीत घडलेले, एका माणसाच्या नावावर न टाकता संपूर्ण परंपरेकडे सोपवलेले पाते. मला तरी हे उत्तर प्रामाणिक वाटले. युद्धांच्या त्या शतकात सेकीत तलवारी मोठ्या प्रमाणावर घडत होत्या, आणि प्रत्येक टोकदार हामोनमागे कानेमोतोच असण्याचे कारण नाही.

निगेबाबत एक वाद मी मुद्दाम नोंदवतो. पारंपरिक पद्धतीत जुने तेल पुसून, ‘उचिको’ या दगडाच्या बारीक भुकटीने पाते थोपटून पुन्हा पुसतात आणि लवंगेचा वास असलेल्या ‘चोजी’ तेलाचा पातळ थर देतात. पण ती भुकटी वर्षानुवर्षे वापरली तर पॉलिश झिजते, म्हणून मी निर्जल अल्कोहोल आणि मऊ कागदच वापरतो. तेल मात्र पावसाळी ‘त्सुयु’च्या आधी आणि नंतर नेमाने बदलतो. नाकागोवरच्या गंजाला हात लावत नाही, कारण पात्याच्या वयाचा तो मोठा पुरावा आहे. तो घासून चकचकीत करणारा माणूस स्वतःच्याच वस्तूची किंमत उतरवतो. पाते बघताना बोलायचे नाही, हा नियम शिष्टाचाराइतकाच थुंकीमुळे पडणाऱ्या डागांसाठी आहे.

हे पाते पुण्याला नेणार का, असे सगळे विचारतात. जपानबाहेर न्यायचे तर सांस्कृतिक व्यवहार खात्याचे निर्यात प्रमाणपत्र काढावे लागते आणि तोरोकुशो परत करावा लागतो. त्यापुढे भारतातला शस्त्र अधिनियम, १९५९ आणि सीमाशुल्क विभाग आहेतच. शिवाय एकदा परत केलेली नोंद पुन्हा हवी असेल, तर पाते जपानमध्ये आणून नव्याने तपासणी करून घ्यावी लागते. म्हणून मी परतलो तरी वाकिझाशी तिथेच राहील. ती घेण्याची तयारी अभ्यासमंडळातल्या एका ज्येष्ठांनी आधीच दाखवली आहे.